सोळा वर्षांनी आलेला अल्बम: द क्युअरचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड'

लंडनच्या दक्षिणेला असलेल्या क्रॉली या गावात उभ्या राहिलेल्या 'द क्युअर' या इंग्लिश बँडचा चौदावा स्टुडिओ अल्बम, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', १ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. आपल्याकडे त्या दिवशी लक्ष्मीपूजन होते. त्याआधीचा '४:१३ ड्रीम' हा अल्बम ऑक्टोबर २००८ मधला, म्हणजे दोन अल्बममध्ये सोळा वर्षांचे अंतर पडले. एवढ्या काळात गाणी ऐकण्याची साधने बदलली, सीडी दुकानांतून जवळजवळ नाहीशा झाल्या, आणि पाश्चात्त्य संगीताच्या कॅसेट नि सीडी जिथे हमखास मिळत ते मुंबईच्या काळा घोडा भागातले 'ऱ्हिदम हाऊस' २०१६ मध्ये बंद झाले. बँड मात्र अधूनमधून दौरे करत राहिला आणि त्याचे गायक, गीतकार व सर्वेसर्वा रॉबर्ट स्मिथ नव्या अल्बमचे वायदे करत राहिले. आता प्रसिद्धीच्या वेळचा गाजावाजा ओसरला आहे आणि चाहत्यांचे डोळे पुढच्या अल्बमकडे लागले आहेत. अशा वेळी या अल्बमची पारख त्याच्या लांबलेल्या प्रतीक्षेपासून वेगळी काढून करावी, असे मनात धरून मी तो पुन्हा सलग ऐकायला घेतला. तसे वेगळे काढणे शक्य नाही, असे माझे मत झाले आहे. जो उशीर चाहत्यांना शब्द मोडल्यासारखा वाटत होता, त्या उशिरातच या गाण्यांचा जीव तयार झाला.

ज्यांना हा बँड १९९२ च्या 'फ्रायडे आय अॅम इन लव्ह' या आनंदी गाण्यापुरताच माहीत आहे, त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. द क्युअरचा संसार पहिल्यापासून दोन घरांचा आहे. एका घरात तीन-चार मिनिटांची, ओठांवर सहज बसणारी गाणी राहतात. दुसऱ्यात संथ, काळोखे, सलग ऐकायचे अल्बम राहतात, आणि त्यांत 'पॉर्नोग्राफी' (१९८२), 'डिसइंटिग्रेशन' (१९८९) व 'ब्लडफ्लॉवर्स' (२०००) ही नावे सर्वांत वरची आहेत. बँडने २००२ मध्ये बर्लिनमध्ये हे तिन्ही अल्बम एकाच कार्यक्रमात ओळीने वाजवून त्यांचे नाते जाहीरच करून टाकले होते. '४:१३ ड्रीम' मुळात दुहेरी अल्बम म्हणून योजलेला होता. प्रत्यक्षात त्यातली तेरा गाणी बाहेर आली, ती बहुतेक हलक्या चालीची, आणि काळोखी बाजू मागेच राहिली. त्यामुळे २००८ नंतर जुने चाहते ज्याची वाट पाहत होते तो केवळ आणखी एक अल्बम नव्हता. त्यांना 'डिसइंटिग्रेशन'च्या घरातले काहीतरी हवे होते, आणि ते आता होईल की नाही अशी शंकाही त्यांना येत होती.

या प्रतीक्षेचा इतिहास समजून घेतल्याखेरीज अल्बमची लांबी-रुंदी कळत नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या साउथबँक सेंटरमध्ये भरणाऱ्या 'मेल्टडाउन' महोत्सवात कोणते कलावंत असावेत हे ठरवण्याचे काम स्मिथ यांच्याकडे आले. त्यासाठी त्यांना पुष्कळ नवे संगीत ऐकावे लागले, आणि त्यातून आपल्याला पुन्हा लिहावेसे वाटू लागले असे त्यांनी पुढे सांगितले. त्याच वर्षी ७ जुलैला हाइड पार्कमध्ये बँडच्या चाळिशीचा मोठा कार्यक्रम झाला. २०१९ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये बँडचा समावेश झाला, वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत ध्वनिमुद्रण सुरू झाले, आणि अल्बम याच वर्षी येईल असे स्मिथ यांनी मुलाखतींतून सांगितले. तो आला नाही. पुढे करोनाचा काळ आला. मग एक नव्हे, दोन अल्बम तयार होत असल्याचे कानांवर आले. २०२२ मध्ये अल्बमचे नाव जाहीर झाले आणि शरद ऋतूतल्या दौऱ्याआधी तो हाती पडेल असे सांगण्यात आले. दौरा ठरल्याप्रमाणे सुरू झाला, दौऱ्याला नावही अल्बमच्या नावावरूनच दिले गेले, आणि अल्बमचा मात्र पत्ता नव्हता. चाहत्यांचा जीव वरखाली झाला तो उगाच झाला असे मी म्हणणार नाही. तारीख सांगून न पाळणे ही गोष्ट कलावंताच्या बाबतीतही बोचतेच. पण याच वर्षांत स्मिथ यांचे आई, वडील आणि थोरला भाऊ रिचर्ड हे तिघेही गेले, आणि २०१९ मध्ये जे अल्बम म्हणून पुरे झाले असते त्यात या मृत्यूंना जी जागा हवी होती ती मिळाली नसती.

६ ऑक्टोबर २०२२ रोजी लाटव्हियाची राजधानी रिगा येथे दौऱ्याचा पहिला कार्यक्रम झाला आणि तिथे 'अलोन' व 'एंडसाँग' ही दोन नवी गाणी लोकांनी प्रथम ऐकली. काही दिवसांनी पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात 'आय कॅन नेव्हर से गुडबाय' वाजले. त्या आणि पुढच्या वर्षीच्या दौऱ्यांत मिळून अल्बममधल्या आठपैकी पाच गाण्यांची चाहत्यांना मोबाइलवरच्या चित्रणांतून पुरती ओळख झाली. श्रोत्यांच्या आरोळ्यांतून, फाटक्या आवाजात ऐकलेल्या या गाण्यांनी दोन वर्षे भूक वाढवत ठेवली. एका अर्थी हा जुन्या रॉक बँडचा उलटा रिवाज होता. एरवी अल्बम आधी येतो, मग दौऱ्यात त्यातली दोन-तीन गाणी घाईने उरकली जातात आणि लोक तोवर खाण्यापिण्याच्या रांगेकडे वळतात. इथे हजारोंच्या समोर, अनोळखी आणि अतिशय संथ गाण्याने कार्यक्रम उघडायचा आणि त्याने लोकांना जागेवर धरून ठेवायचे, ही कसोटी रात्रीमागून रात्र पार पाडल्यावर ती गाणी स्टुडिओतल्या आवृत्तीत कायम झाली. अल्बममध्ये गाण्यांच्या रचनेत जो ठामपणा ऐकू येतो त्याचे एक कारण मला हेच वाटते.

याच दौऱ्यात घडलेली आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण चाहत्यांचा विश्वास टिकण्याशी तिचा थेट संबंध आहे. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कार्यक्रमांची तिकिटे निघाली. बँडने मुद्दाम वीस डॉलरपासून दर ठेवले होते, पण तिकीटमास्टर या कंपनीच्या शुल्कामुळे काहींना तिकिटाच्या किमतीहून अधिक पैसे वरचेच भरावे लागले. स्मिथ यांनी ही बाब उघडपणे मांडली, कंपनीकडे पाठपुरावा केला, आणि ग्राहकांना त्यांच्या तिकिटांच्या दराप्रमाणे पाच किंवा दहा डॉलर परत मिळवून दिले. जिथे कायदा आड येत नव्हता तिथे तिकिटे दुसऱ्याच्या नावे करण्यावरही त्यांनी बंदी घातली. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटे कितीपट भावाने फिरत होती हे आपण पाहिलेच आहे, तेव्हा पाच-दहा डॉलरच्या परताव्याचे मोल मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. अल्बमच्या तारखा चुकवणारा माणूस श्रोत्याच्या खिशाची मात्र अशी काळजी करतो, हे चाहत्यांनी लक्षात ठेवले.

अल्बमची घोषणाही त्याच साधेपणाने झाली. क्रॉलीमधल्या ज्या पबमध्ये बँडने सुरुवातीच्या दिवसांत कार्यक्रम केले होते, तिथे भिंतीवर रोमन अंकांत तारीख असलेले एक भित्तिपत्रक लागले, आणि चाहत्यांच्या घरी टपालाने कार्डे येऊ लागली. २६ सप्टेंबर २०२४ रोजी 'अलोन' हे पहिले गाणे प्रसिद्ध झाले. आठ गाणी, एकूण सुमारे ४९ मिनिटे, आणि सर्व शब्द व चाली एकट्या स्मिथ यांच्या. १९८५ च्या 'द हेड ऑन द डोअर'नंतर असे प्रथमच घडत होते. निर्मिती स्मिथ यांच्यासह पॉल कॉर्केट यांची आहे. मुखपृष्ठावर स्लोव्हेनियाचे शिल्पकार यानेझ पिर्नात यांचे १९७५ मधले 'बॅगाटेल' हे दगडी शिल्प आहे. काळ्या पार्श्वभूमीवर अर्धवट घडलेला, की झिजून गेलेला, एक मानवी चेहरा त्यात दिसतो आणि तो आतल्या संगीताला शोभतो.

'अलोन' जवळजवळ सात मिनिटांचे आहे आणि त्यात गाणाऱ्याचा आवाज येतो तो तीन मिनिटे वीस सेकंदांच्या सुमारास. तोपर्यंत जे चालते ते नीट ऐकावे. जेसन कूपर यांचा ड्रम पहिल्याच क्षणापासून पूर्ण ताकदीने, पण अतिशय संथ लयीत पडतो. रॉजर ओ'डॉनेल यांच्या कीबोर्डवरची तंतुवाद्यांसारखी लाट त्यावर पसरते. सायमन गॅलप यांचा बेस खरखरीत, जड आवाजात खालून चालत राहतो. आणि या तिघांच्या मधल्या जागेत एक उतरती साधी धून परत परत येते. हिंदुस्थानी संगीताला बसणाऱ्या माणसाला इथे विलंबित ख्यालाची आठवण होईल, आणि ती काही अंशी योग्यही आहे, कारण दोन्हीकडे लय श्रोत्याची घाई मोडून काढते. फरक असा की ख्यालात गायक क्षणोक्षणी नवी जागा दाखवत पुढे जातो, तर इथे तेच चार-सहा सूर थरावर थर चढवून इतके वजनदार केले जातात की पुढे जाण्याची इच्छाच उरू नये. मग स्मिथ यांचा आवाज येतो, आणि पहिल्या ओळीतच सगळ्या गाण्यांचा शेवट झाल्याचे सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे इंग्रज कवी अर्नेस्ट डाउसन यांच्या 'ड्रेग्ज' या कवितेवरून हे गाणे सुचल्याचे स्मिथ यांनी सांगितले आहे. विझलेला अग्नी आणि तळाशी उरलेला गाळ हे त्या कवितेचे जग या गाण्यात पूर्णपणे मुरलेले आहे. पासष्टीतल्या माणसाचा हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीच्या आवाजाहून फारसा वेगळा वाटत नाही, याचे आश्चर्य अनेकांनी व्यक्त केले. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे, की तेव्हा जी हताशा थोडी तरुणपणाची ऐट वाटायची ती आता खरी वाटते.

दुसरे 'अँड नथिंग इज फॉरएव्हर' पियानो आणि तंतुवाद्यांच्या सुरांनी सुरू होते आणि अल्बममधले सर्वांत कोवळे गाणे ठरते. एका अत्यवस्थ माणसाला, तुझ्या शेवटच्या क्षणी मी जवळ असेन, असा शब्द दिला होता आणि तो पाळता आला नाही, हे त्यामागचे कारण स्मिथ यांनी सांगितले आहे. हे कळल्यावर शब्दांतली वारंवारची विनवणी वेगळी ऐकू येते. प्रेमगीत समजून ऐकणाऱ्यालाही ते गाणे जवळचे वाटेल, इतपत मोकळीक शब्दांनी ठेवली आहे, आणि ही स्मिथ यांची जुनी हातोटी आहे. 'अ फ्रॅजाइल थिंग' हे दुसरे प्रसिद्ध झालेले गाणे बेसच्या ठळक चालीवर उभे आहे आणि ज्यांना बँडच्या लोकप्रिय बाजूची ओढ आहे त्यांनी अल्बमची सुरुवात इथून करावी.

'वॉरसाँग' हे मला सर्वांत कच्चे वाटते. हार्मोनियमसारख्या घरघरत्या सुराने त्याची सुरुवात फार चांगली होते. दोन माणसांमधले कधी न मिटणारे वैर हा विषयही मोठा आहे. परंतु गिटारच्या कल्लोळात गाणे चार मिनिटांच्या थोडे पुढे जाऊन संपते आणि जिथे उकलायला हवे होते तिथेच थांबते. त्यामागोमाग येणारे 'ड्रोन: नोड्रोन' घरावरून उडालेल्या एका कॅमेऱ्याच्या ड्रोनमुळे सुचले. आपल्या अंगणातही आता कुणाची नजर असते ही चीड त्यात आहे, आणि रीव्ह्ज गॅब्रेल्स यांची गिटार इथे मोकाट सुटते. गॅब्रेल्स पूर्वी डेव्हिड बोवी यांच्याबरोबर वाजवत असत. ते २०१२ पासून द क्युअरमध्ये असूनही बँडच्या स्टुडिओ अल्बमवर त्यांना येण्यासाठी बारा वर्षे लागली, आणि या गाण्यात त्यांनी ती कसर भरून काढली आहे. संथ अल्बमच्या मध्यावर हा वेग हवाच होता.

यानंतर येते ते 'आय कॅन नेव्हर से गुडबाय'. ढगांचा गडगडाट होतो आणि पियानोवर अगदी थोड्या सुरांची एक ओळ सुरू होते. शिकाऊ माणसालाही वाजवता येईल अशी ती ओळ आहे, आणि जवळजवळ संपूर्ण गाणे तिच्याभोवतीच फिरते. थोरला भाऊ रिचर्ड यांच्या मृत्यूच्या रात्रीचे हे गाणे आहे. त्यात शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींच्या एका सुप्रसिद्ध ओळीचा आधार घेतलेला आहे आणि तिच्या लगेच पुढे भावाचा जीव चोरून नेला जात असल्याचे साध्या शब्दांत सांगितले आहे. नाटकातला तो भारदस्त शब्दप्रयोग आणि त्याला लागून आलेला घरगुती 'भाऊ' हा शब्द, या दोहोंच्या टकरीतून जे निर्माण होते ते मी या बँडच्या आधीच्या कुठल्याही गाण्यात ऐकलेले नाही. दुःखावर लिहिताना स्मिथ पूर्वी पाण्याची, धुक्याची, कोळ्याची रूपके उभी करत. इथे रूपके जवळजवळ गळून पडली आहेत, एक वादळी रात्र आणि एक मरण एवढेच राहिले आहे. दोन कडव्यांच्या मधल्या जागेत गिटार येते तीही कौशल्य दाखवण्यासाठी येत नाही, गाणाऱ्याला दम घेता यावा म्हणून आल्यासारखी येते. २०२२ मध्ये क्राकूव्हला हे गाणे पहिल्यांदा वाजले तेव्हाचे चित्रण आणि अल्बमवरची आवृत्ती शेजारी शेजारी ऐकली तर गाण्याची बांधणी फारशी बदललेली नाही असे दिसते. बदल आवाजात आहे. दोन वर्षे रोज रात्री लोकांसमोर हे म्हटल्यानंतर स्मिथ यांनी त्यातला हुंदका आवरला आहे आणि त्यामुळे ऐकणाऱ्याला तो अधिक जाणवतो.

'ऑल आय एव्हर अॅम' या गाण्याची उडती लय या जागी मला थोडी उपरी वाटली. पुढच्या दहा मिनिटांआधी मोकळा श्वास घेता यावा म्हणून ते ठेवले असावे.

'एंडसाँग' दहा मिनिटांच्या वर चालते आणि त्यात सहा मिनिटांहून अधिक काळ गाणाऱ्याचा आवाज नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ चंद्रावर उतरले तेव्हा वडिलांबरोबर बागेत उभे राहून चंद्राकडे पाहणारा दहा वर्षांचा मुलगा, आणि पन्नास वर्षांनी तोच चंद्र पाहणारा तोच माणूस, ही या गाण्याची जन्मकथा स्मिथ यांनी सांगितली आहे. कूपर यांचा ड्रम इथे मोठमोठ्या टॉमवर, म्हणजे संचातल्या खोल आवाजाच्या ढोलांवर, घुमतो आणि ताल सतत तुटल्यासारखा पुढे सरकतो. त्यावर गॅब्रेल्स यांची गिटार हळूहळू सुरांची धार सोडून नुसता आक्रोश होते. आवाज येतो तेव्हा श्रोता पुरता थकलेला असतो, आणि तेच अपेक्षित असावे, कारण शब्दही थकलेल्या माणसाचे आहेत: जग कुठे गेले, मी इतका म्हातारा कसा झालो, इतकेच तो विचारतो. शेवटी पहिल्या गाण्याच्या पहिल्या ओळीतले शब्द परत येतात आणि अल्बम पूर्ण होतो. 'डिसइंटिग्रेशन'मधल्या श्रेष्ठ गाण्यांच्या पंक्तीत मी हे गाणे निःशंकपणे बसवीन.

आता दोषाचे बोलायचे तर माझी मुख्य तक्रार ध्वनिमिश्रणाबद्दल आहे. सगळी वाद्ये एकाच उंचीवर आणून दाबून बसवल्यासारखा आवाज या अल्बमभर आहे. 'अलोन' आणि 'एंडसाँग' या गाण्यांत थर चढत जातात खरे, पण आवाज मुळातच इतका भरलेला असतो की चढण कानांना पुरेशी जाणवत नाही. लहान स्पीकरवर ड्रम आणि बेस मिळून कीबोर्डच्या सुंदर ओळी खाऊन टाकतात. 'डिसइंटिग्रेशन'मध्ये वाद्यांच्या मधली जी हवा होती ती इथे नाही. ज्या संगीताचे सगळे सामर्थ्य हळूहळू उलगडण्यात आहे, त्याच्या बाबतीत हा दोष लहान म्हणता येणार नाही. चांगले हेडफोन घ्यावेत, आवाज नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवावा, मग पियानो आणि तंतुवाद्ये वर येतात.

कोणत्या रूपात घ्यावा हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. साधी सीडी, कॅसेट, एका तबकडीची रेकॉर्ड, लंडनच्या अॅबी रोड स्टुडिओत माइल्स शोवेल यांनी अर्ध्या वेगाने कोरलेली दोन तबकड्यांची रेकॉर्ड, आणि सीडीबरोबर ब्लू-रे असलेली आवृत्ती, असे पर्याय निघाले आहेत. एकाच तबकडीवर ४९ मिनिटे कोंबण्यापेक्षा दोन तबकड्यांवर गाण्यांना मोकळी जागा मिळते, त्यामुळे रेकॉर्डच हवी असेल तर दोन तबकड्यांचीच घ्यावी. मात्र आयात केलेली रेकॉर्ड आपल्याकडे चांगलीच महाग पडते आणि प्रत्येकाकडे प्लेअर असतोच असे नाही. माझी शिफारस ब्लू-रेच्या आवृत्तीची आहे. तिच्यात गायनाविना असलेला संपूर्ण वाद्यसंगीताचा अल्बम आहे, आणि जिथे निम्मी गाणी मुळातच वाद्यांच्या बळावर उभी आहेत तिथे तो ऐकताना बँडमधल्या प्रत्येकाचे काम वेगवेगळे दिसते. डॉल्बी अॅटमॉसमधले, म्हणजे आवाज चहूबाजूंनी पसरवणारे, मिश्रणही त्यात आहे आणि वर म्हटलेली दाटी त्यात बरीच कमी होते. ज्यांना काहीच विकत घ्यायचे नाही त्यांनी मोबाइलवरच ऐकावा, फक्त गाण्यांचा क्रम मोडू नये.

प्रसिद्धीच्याच दिवशी लंडनच्या ट्रॉक्सी या जुन्या सभागृहात बँडने संपूर्ण अल्बम क्रमाने वाजवला आणि मग जुनी गाणी घेत एकूण ३१ गाण्यांचा, सुमारे तीन तासांचा कार्यक्रम केला. तो यूट्यूबवर सर्वांसाठी खुला होता. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून पाडव्याची तारीख लागली होती. अल्बमने ब्रिटनमधल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत पहिला क्रमांक पटकावला. १९९२ च्या 'विश'नंतर बत्तीस वर्षांनी द क्युअरला तो मान मिळाला. एवढा संथ, एवढा दुःखी आणि रेडिओला इतका गैरसोयीचा अल्बम पहिल्या क्रमांकावर जातो, याचे श्रेय नव्या श्रोत्यांइतकेच वाट पाहत थांबलेल्या जुन्या श्रोत्यांनाही आहे.

ते श्रोते आता पुन्हा वाट पाहू लागले आहेत. या अल्बमच्या वेळी दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत स्मिथ यांनी पुढचा अल्बम जवळजवळ तयार असल्याचे आणि त्यानंतरच्या, अगदी निराळ्या धर्तीच्या तिसऱ्या अल्बमचेही साहित्य असल्याचे सांगितले. आपण २०२९ मध्ये सत्तर वर्षांचे होऊ आणि तिथे थांबू, असेही ते म्हणाले. म्हणजे या वेळी सोळा वर्षांची मुभा कुणाकडेच नाही. दरम्यान, २०२२ मध्ये बँडमध्ये परतलेले गिटार व कीबोर्ड वादक पेरी बमोंट डिसेंबर २०२५ मध्ये वारले, आणि वय झालेल्या बँडच्या चाहत्यांच्या मनात जी भीती नेहमी दबा धरून असते ती समोर येऊन उभी राहिली. तरीही स्मिथ यांच्यामागे तारखेचा तगादा लावावा असे मला वाटत नाही. २०१९ मध्ये त्यांनी शब्द पाळला असता तर 'आय कॅन नेव्हर से गुडबाय'शिवायचा अल्बम आपल्या हाती आला असता आणि आपल्याला काय गमावले ते कधी कळलेही नसते.

दोन गोष्टींची आशा मात्र मी धरून आहे. २०२३ च्या दौऱ्यात वाजलेले 'अनदर हॅपी बर्थडे' हे गाणे या अल्बमवर आले नाही. गेलेल्या माणसाचा वाढदिवस त्याच्यावाचून येतो, असा त्याचा विषय आहे, आणि माझ्या मते 'वॉरसाँग'च्या जागी ते असते तर अल्बम निर्दोष ठरला असता. ते गाणे पुढच्या अल्बमवर असावे, आणि त्याच्या मिश्रणात ड्रम थोडा मागे सरकवून कीबोर्डला जागा करून द्यावी.